पाचव्या चाचणीपासून

निकालाच्या दिवशी मुंगीच्या घरी सगळे तिच्या आधीच तयार होऊन बसले होते. वडील इस्पितळाची अँब्युलन्स चालवायचे. त्यांनी सकाळची पाळी दुसऱ्या चालकाच्या गळ्यात घातली होती. आई औषधांच्या दुकानात काउंटरवर असायची; तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. मुंगी ही त्यांची एकुलती एक. अंगाने एवढीशी आणि एकदा कामाला लागली की मान वर न करणारी, म्हणून वडिलांनी लहानपणीच हे नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं की खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं.

निकालाची धाकधूक अशी कुणाला नव्हतीच. वैद्यकीय प्रवेश परीक्षा सहाशे मार्कांची. गेल्या वर्षी चारशे सत्तरपर्यंतच्या मुलांना प्रवेश मिळाले होते. आणि क्लासमधल्या शेवटच्या सहा सराव चाचण्यांत मुंगी एकदाही पाचशेच्या खाली आली नव्हती. शेवटच्या चाचणीत तर पाचशे एकतीस. "डोळे मिटून लिहिलं तरी होतंय तिचं," असं वडील इस्पितळाच्या फाटकावर रखवालदारापासून कंपाउंडरपर्यंत सगळ्यांना सांगून आले होते.

पडद्यावर आकडा उमटला. चारशे सतरा.

"नंबर चुकीचा टाकलास का गं?" आई म्हणाली.

मुंगीने नंबर पुन्हा टाकला. पुन्हा चारशे सतरा. मग वडिलांनी चष्मा लावून, एकेक अंक मोठ्याने म्हणत स्वतः टाकला. आकडा काही हलला नाही. मग वडिलांनी विचारलं ते फार हळू आवाजात विचारलं, "त्या दिवशी काय झालं होतं तुला?"

पुढचे दोन महिने मुंगीला हा एकच प्रश्न सगळ्यांनी विचारला. आत्याने विचारला, शेजारच्या काकूंनी विचारला, आईच्या दुकानाच्या मालकाने विचारला. तिच्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून लोकांनीच ते बनवलं. पोरीने ऐनवेळी कच खाल्ली. अभ्यास होता, पण छाती नव्हती. आणि मुंगीलाही तेच खरं वाटायला लागलं, कारण परीक्षेच्या दिवशी सकाळी केंद्राच्या फाटकापाशी तिला खरंच उलटी झाली होती. गटाराच्या कडेला बसून तिने तोंड धुतलं, रुमालाने पुसलं आणि आत गेली. ही गोष्ट तिने आईवडिलांना सांगितली नव्हती. सांगितली होती ती एकाच माणसाला, काकांना.

काका म्हणजे वडिलांचे शाळेपासूनचे दोस्त. एका बाकावर बसून दोघं मोठे झाले. वडील गाडीकडे वळले आणि काका फिजिक्सकडे. शहरातल्या सगळ्यात नावाजलेल्या क्लासमध्ये ते फिजिक्स शिकवायचे आणि सराव चाचण्यांचे पेपर काढायचं सगळं खातंही त्यांच्याकडेच होतं. वर्गात मुंगी त्यांना सर म्हणायची, घरी काका. त्यांची मुलगी, सगळे तिला बबडी म्हणायचे, ती मुंगीच्याच वर्गात, मुंगीच्याच बाकावर. पोरींचं गूळपीठ इतकं की एकीला शिंक आली तर दुसरी नाक पुसेल.

बबडीला चारशे अठ्ठ्याण्णव पडले. तिचा प्रवेश पक्का झाला.

उलटीची गोष्ट ऐकून काकांनी मुंगीच्या डोक्यावर हात ठेवला होता. "होतं गं असं," ते म्हणाले होते. "पेपर काही तू समजतेस तेवढा अवघड नव्हता. तुझं मन घाबरलं. पुढच्या वर्षी मनाची तयारी करू." त्या शब्दांनी मुंगीला केवढा तरी धीर आला होता. दोष आपला आहे, पण काका आपल्या पाठीशी आहेत, एवढं धरून ती दोन महिने जगली.

मग एके दिवशी दुपारी आईचा रक्ताचा रिपोर्ट आणायला ती एका तपासणी केंद्रात गेली. खिडकीमागे नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत एक ओळखीचा चेहरा बसला होता. क्लासमधली चष्मिश. जाड भिंगांचा चष्मा, पहिल्या बाकावर बसायची, क्लासच्या भिंतीवरच्या गुणवत्ता यादीत कायम पहिल्या दहात.

"तू इथे?" मुंगी म्हणाली.

"लॅबचा कोर्स धरलाय. काय करणार? चारशे नऊ पडले मला." चष्मिश हसली, पण ते हसू काही डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "घरचे म्हणाले, तू परीक्षेला घाबरतेस, डॉक्टर कसली होणार. आणि तुला?"

"चारशे सतरा. शेवटच्या चाचणीत तुला किती होते गं?"

"पाचशे अठरा."

मुंगी रिपोर्ट हातात घेऊन तशीच उभी राहिली. मागच्या माणसाने खाकरून तिला बाजूला व्हायला लावलं. तिचे एकशे चौदा गेले होते, चष्मिशचे एकशे नऊ. दोन मुली एकाच दिवशी, वेगवेगळ्या केंद्रांवर, जवळजवळ सारख्याच मापाने घाबरल्या? भीती काय वजनकाट्यावर मोजून वाटतात की काय?

चष्मिशची जेवणाची सुट्टी झाल्यावर दोघी बाहेरच्या पायरीवर बसल्या. चष्मिशकडे क्लासमधल्या बऱ्याच जणांचे फोन नंबर होते. तिने एकेकाला विचारलं. जुळ्या भावांतल्या थोरल्याला चाचणीत पाचशे सात, परीक्षेत चारशे एक. धाकट्याला चारशे पंच्याण्णव आणि तीनशे अठ्ठ्याऐंशी. संध्याकाळपर्यंत सात जणांचे आकडे जमले. मुंगीने ते वहीच्या मागच्या पानावर एकाखाली एक मांडले. सातही जण शंभराच्या आसपास घसरले होते.

ती मुळातच मुंगी. घरी जाऊन तिने आपल्या चौदाच्या चौदा चाचण्यांचे मार्क काढले. पहिल्या चार : चारशे दोन, चारशे अकरा, तीनशे अठ्ठ्याण्णव, चारशे पंधरा. पाचवी : चारशे बावन्न. मग चारशे सत्तर, चारशे ब्याण्णव, आणि पुढे सगळं पाचशेच्या घरात. पाचवीपासून आपण चढत गेलो, असं तिला वर्षभर वाटत होतं. आता तिने पहिल्या चारांखाली खऱ्या परीक्षेचा आकडा लिहिला. चारशे सतरा. तो त्या ओळीत असा बसला, जणू पाचवी चाचणीच होती ती.

बाकीच्यांनाही तिने पहिल्या चार चाचण्यांचे मार्क विचारून घेतले. सगळ्यांचं तेच. पहिल्या चार चाचण्यांनी खरं सांगितलं होतं. नंतरच्या दहांनी गोड.

आता तिला पेपरही आठवायला लागले. पाचव्या चाचणीपासून प्रश्न ओळखीचे वाटायचे. आपला अभ्यास मुरलाय म्हणून तसं वाटतं, अशी तिची समजूत. पण क्लासने दिलेल्या सरावाच्या कागदांवरचेच प्रश्न होते ते, नुसते आकडे बदललेले. चार पर्यायांतले दोन तर इतके वेडगळ असायचे की फिजिक्स न शिकलेल्यानेही खोडले असते. आणि फिजिक्सच तर तिचं कच्चं होतं. आठव्या चाचणीनंतर काकांनीच सांगितलं होतं, "फिजिक्स झालं तुझं. आता नुसती उजळणी कर." तिने मागच्या वर्षांचे खरे पेपर सोडवायला काढले, तर म्हणाले, "ते नको आता. वेगळ्या धाटणीचे असतात, उगाच गोंधळशील. आपल्या चाचण्यांवर विश्वास ठेव."

तरीही काकांचा तिला संशय आला नाही, हे विशेष. वरून मोठ्या सरांनी, म्हणजे क्लासच्या मालकांनी, काहीतरी केलं असेल. काकांना पत्ताही नसेल. त्यांना सांगितलं पाहिजे, असं मनाशी ठरवून ती वही घेऊन त्यांच्या घरी गेली.

काका घरी नव्हते. बबडी कॉलेजसाठी कपडे आणायला गेली होती. काकू एकट्याच बबडीच्या खोलीतली कपाटं रिकामी करत बसल्या होत्या. मुंगीला बघून त्यांना बरं वाटलं.

"बरी आलीस. हे बघ, हे मी रद्दीत टाकणार होते. तुझ्या उपयोगाचे आहेत ना? बबडीचे सरावाचे पेपर."

सुतळीने बांधलेला एक गठ्ठा त्यांनी मुंगीच्या मांडीवर ठेवला. मुंगीने वरचा पेपर उलटला आणि तिला तो ओळखू येईना. क्लासचे पेपर छापील असायचे. हा काकांच्या अक्षरात होता, तिरकं, बारीक, फळ्यावरच्यासारखंच. वर तारीख. रविवारची. पाचवी चाचणी झाली त्याच्या दुसऱ्या दिवसाची. खाली लाल शाईत मार्क : चारशे एकतीस.

तिने एकेक उलटायला सुरुवात केली. दहा पेपर होते, दहा रविवारचे. क्लासमध्ये शनिवारी एक चाचणी व्हायची आणि घरी रविवारी दुसरी. प्रश्न कठीण, नवे, खऱ्या परीक्षेच्या धाटणीचे. काही तर इतके तसेच की मुंगीला परीक्षेचा हॉल आठवला. आणि बबडीचे मार्क : चारशे चाळीस, चारशे छत्तीस, चारशे अठ्ठावन्न... शेवटच्या पेपरवर चारशे चौऱ्याण्णव. शनिवारी क्लासमध्ये ही बबडी साडेपाचशे घ्यायची, मुंगीबरोबर टाळ्या द्यायची, आणि रविवारी सकाळी या खोलीत बसून आपण खरोखर कुठे आहोत ते मोजून घ्यायची. परीक्षेत तिला पडले चारशे अठ्ठ्याण्णव. बापाच्या मापात चार मार्कांपलीकडे फरक पडला नाही.

"काय गं, पाणी देऊ का? चेहरा का असा झाला तुझा?" काकू म्हणाल्या. त्या बिचाऱ्यांना खरंच काही ठाऊक नव्हतं.

मुंगी गठ्ठा घेऊन निघाली ती काकांना जिन्यातच भेटली. त्यांच्या हातात भाजीची पिशवी होती. त्यांनी गठ्ठा बघितला आणि दोन पायऱ्या खालीच थांबले.

"काका, पाचव्या चाचणीपासून पेपर सोपे कुणी केले?"

काकांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"तुम्हीच ना?"

"मोठ्या सरांचा हुकूम होता," ते शेवटी म्हणाले. "चौथ्या चाचणीनंतर वीस-बावीस मुलं समोरच्या क्लासला गेली. पालक येऊन भांडायला लागले, की तुमच्याकडे मार्कच वाढत नाहीत. सर म्हणाले, मार्क वाढलेले दिसले पाहिजेत. मी नाही म्हणालो असतो तर दुसऱ्या कुणी काढले असते."

"मग मला का नाही सांगितलं? बबडीला सांगितलंत ना?"

"बबडी माझी मुलगी आहे गं."

हे ते इतक्या सहज म्हणाले, की बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच ते ऐकू आलं असावं. त्यांनी मान खाली घातली. मुंगीच्या डोळ्यांपुढे आला तो तिच्या डोक्यावर ठेवलेला हात. तुझं मन घाबरलं, असं म्हणणारा माणूस. त्याला तेव्हाही माहीत होतं.

"तुम्ही मला सांगितलंत की मी घाबरले. मी दोन महिने तेच धरून बसलेय."

"चुकलं माझं," काका म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि मुंगीला ते पाणी खरं वाटलं. "मी मोठ्या सरांशी बोलतो. या वर्षीच्या मुलांना असं होऊ देणार नाही. वेळ आली तर मी स्वतः उभा राहून सांगेन. पण हा गठ्ठा ठेवून जा. बबडी आत्ता कॉलेजात जातेय, उगाच तिच्या नावाला बट्टा नको. एवढं ऐक माझं."

आणि मुंगीने गठ्ठा दिला. नंतर तिला स्वतःचा सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल, तर तो याचा.

वडिलांना तिने सगळं सांगितलं, तर त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. "तो असं करणार नाही. शाळेत माझ्या वाटच्या छड्या त्याने खाल्ल्यात," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "आणि केलं असलं तरी चुकलं म्हणालाय ना? मग तो सांगेल सगळ्यांना. शब्दाचा पक्का आहे."

पंधरा दिवसांनी क्लासमध्ये नव्या तुकडीच्या पालकांची सभा होती. मुंगी आणि वडील दोघंही गेले. हॉल भरला होता. भिंतीवर गेल्या वर्षीच्या चाचण्यांचा आलेख लावलेला, वर चढत जाणारी जाड हिरवी रेघ. मोठे सर ध्वनिक्षेपकावर सांगत होते की आमच्या चाचण्या म्हणजे परीक्षेचा आरसा. आमच्याकडे जितके मार्क, तितकेच तिथे. दुसऱ्या खुर्चीवर काका बसले होते.

"काही शंका?" मोठ्या सरांनी विचारलं.

मुंगी उभी राहिली. तिने वहीतलं पान काढलं आणि सात जणांचे आकडे वाचून दाखवले. नावं न घेता, नुसते आकडे. चाचणीत इतके, परीक्षेत इतके. "आरसा असेल तर तो पहिल्या चार चाचण्यांपुरता होता," ती म्हणाली. "पाचवीपासून पेपर मुद्दाम सोपे काढले. हे मी म्हणत नाही, सरांना विचारा." आणि तिने काकांकडे बोट केलं.

सगळा हॉल वळला. मोठे सर हसले. मुरलेल्या माणसाचं हसू होतं ते. "विचारू की. सर, तुम्ही तर या मुलीला जन्मापासून ओळखता. सांगा बरं."

काका उठले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मुंगीकडे बघितलं नाही, वडिलांकडेही नाही.

"मुलगी मेहनती आहे," ते म्हणाले. "त्याबद्दल शंकाच नाही. पण परीक्षा नुसत्या अभ्यासाने होत नाही, मन खंबीर लागतं. परीक्षेच्या दिवशी सकाळी फाटकापाशी हिला उलट्या झाल्या. हात कापत होते. अशा अवस्थेत पेपर कसा जाणार? आता त्याचं खापर ती चाचण्यांवर फोडतेय. मी तिला दोष देत नाही. वय लहान आहे."

हॉलमध्ये चुकचुकल्याचे आवाज झाले. कुणीतरी बाई हळूच म्हणाली, "अगं बाई, बिचारी." मुंगीला तिथेच भिंत फोडून निघून जावंसं वाटलं. उलटीचं गुपित तिने ज्या एका माणसाच्या ओटीत टाकलं होतं, त्यानेच ते दोनशे लोकांपुढे तिच्याविरुद्ध उधळलं होतं. केसाने गळा कापणं म्हणतात ते तिने लहानपणी शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिलं होतं. त्याचा अर्थ तिला त्या खुर्च्यांच्या रांगेत कळला.

वडील उठले. त्यांनी एवढंच विचारलं, "अरे, तुझ्या जिन्यात तू तिला काय म्हणालास?"

काका म्हणाले, "मला काही आठवत नाही."

वडिलांनी मुंगीचा हात धरला आणि दोघं बाहेर आले. स्कूटरपाशी येऊन वडिलांनी किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. रोज जखमी माणसं उचलून आणणारा हा माणूस, कुणाचा पाय तुटलेला, कुणाचं डोकं फुटलेलं, त्याने कधी डोळ्यांतून टिपूस काढलेलं मुंगीने पाहिलं नव्हतं. आता त्यांनी हँडलवर कपाळ टेकलं. "उलटी झाली होती तर मला का नाही सांगितलंस गं?" ते म्हणाले. "त्याला सांगितलंस."



इतक्यात मागून एक बाई पळत आली. सभेतलीच, शिवणकाम करणारी असावी, गळ्यात मोजमापाची फीत तशीच राहिलेली. "मुली, ते आकडे मला लिहून देशील का? माझ्या लेकीचं नाव घालायचंय अजून." मुंगीने पानच फाडून दिलं. त्या वर्षी क्लासला तीस-चाळीस मुलं कमी आली, असं नंतर कानावर आलं. पण क्लास काही बंद पडला नाही, आणि भिंतीवरची हिरवी रेघही उतरली नाही.

बबडी कॉलेजला गेली ती न भेटताच. महिन्याभराने मुंगीच्या नावाने एक पार्सल आलं. आत तो सुतळीचा गठ्ठा होता. चिठ्ठी नव्हती, पत्ता मात्र बबडीच्या अक्षरात. मार्क आणि उत्तरं खोडरबराने, ब्लेडने खरवडून काढलेली होती, म्हणजे पेपर कोरे करून पाठवले होते. बरेच तास लागले असणार त्याला.

आई म्हणाली, "जाळून टाक."

मुंगीने जाळले नाहीत. चार दिवस ते पलंगाखाली ठेवले आणि मग विचार केला, की राग माणसावर आहे, कागदांनी काय घोडं मारलंय? या वर्षी तिने कुठलाच क्लास लावला नाही. मागच्या वर्षांचे खरे पेपर मिळवले, ते आणि हे दहा, असे एकूण एकवीस पेपर वेगळे काढले आणि आईच्या ताब्यात दिले. नियम तिने स्वतःच घातले. दर रविवारी एकच पेपर, परीक्षेच्याच वेळेला, मध्ये उठायचं नाही, आणि एकदा सोडवलेला पेपर पुन्हा मोजायचा नाही. वडील घड्याळ लावून दारात बसायचे. सुरुवातीला मार्क आले तीनशे ब्याण्णव. मुंगी रडली, पण त्या रडण्याची तिला लाज वाटली नाही. निदान आकडा खरा होता. फिजिक्स तिने पहिल्या धड्यापासून पुन्हा काढलं. आकडा मुंगीच्याच चालीने वर सरकला. चारशे वीस, चारशे पंधरा, चारशे एकोणचाळीस. सर्वांत चांगला मार्क धरून ती कधी हुरळली नाही; शेवटच्या चार पेपरांची सरासरी काढायची आणि म्हणायची, मी इथे आहे. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ती सरासरी होती चारशे सहासष्ट.

"चारशे सत्तर लागतील ना गं?" वडिलांनी विचारलं.

"लागतील. मला चारशे साठ ते बहात्तरच्या मध्ये पडतील. बसलं तर बसलं."

त्या सकाळीही तिला फाटकापाशी उलटी झाली. या वेळी वडील बाजूला पाण्याची बाटली घेऊन उभे होते. तिने चूळ भरली आणि आत गेली. निकाल लागला : चारशे चौसष्ट.

पहिल्या यादीत तिचं नाव नव्हतं. दुसरी यादी चारशे सहासष्टला थांबली. घरात पुन्हा सुतकी कळा आली, पण मुंगी शांत होती. तिला कुणी फसवलं नव्हतं. तिसऱ्या यादीत काही मुलांनी जागा सोडल्या आणि ती चारशे बासष्टपर्यंत खाली आली. मुंगीला प्रवेश मिळाला.

त्या संध्याकाळी काकांचा वडिलांना फोन आला. वर्षभरातला पहिला. वडिलांनी तो उचलला, दोन मिनिटं ऐकलं आणि एकही शब्द न बोलता ठेवला.

"काय म्हणाले?" आईने विचारलं.

"म्हणाला, शेवटी माझेच पेपर कामाला आले ना पोरीच्या." वडील खुर्चीवरून उठले, त्यांनी नळाखाली हात धुतले आणि पुन्हा कधीही त्या माणसाचा विषय काढला नाही. चाळीस वर्षांची दोस्ती होती.

कॉलेज तेच, जिथे बबडी दुसऱ्या वर्षाला होती. पहिल्याच आठवड्यात ती ग्रंथालयाच्या दारात मुंगीची वाट बघत उभी राहिलेली दिसली. वाळली होती. दोघी बाहेरच्या कट्ट्यावर बसल्या, मध्ये पुस्तकांची पिशवी ठेवून.

"मी एकदा तुला सांगणार होते," बबडी म्हणाली. "नवव्या चाचणीनंतर. तुला पाचशे दोन पडले आणि तू मला मिठी मारलीस तेव्हा."

"मग?"

"तू इतकी खूश होतीस..."

"म्हणून नाही सांगितलंस?"

बबडीने बुटाच्या टोकाने जमीन उकरली. "नाही," ती शेवटी म्हणाली. "भीती वाटली. तुला कळलं असतं तर तू दिवसरात्र एक केली असतीस. माझ्यापुढे गेली असतीस तू. आणि जागा थोड्या होत्या."

मुंगीला वाटलं होतं की हे ऐकून आपण तिच्या थोबाडीत मारू, नाहीतर रडू तरी. तसं काही झालं नाही. दीड वर्षात तिच्याशी कुणीतरी पहिल्यांदा खरं बोललं होतं, आणि ते कडू होतं. तासाची घंटा झाली. तिने पिशवी उचलली.

"पेपर पाठवलेस ते बरं केलंस," ती म्हणाली आणि वर्गात गेली.

आता दोघींचं बोलणं होतं. वसतिगृहात पाणी आलं का, आज शवविच्छेदनाला कोण सर आहेत, इतपत. अभ्यास कसा चाललाय, हे मात्र मुंगी तिला विचारत नाही. आणि बबडीने विचारलं तर "चाललाय" म्हणते आणि पुढे जाते.